होसकोटे, दर्या आणि दऱ्या : संकेतस्थळांवरील देवनागरीचे रूपविधान

बंगळूरजवळील होसकोटे सतराव्या शतकात शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत होते. ‘नवा किल्ला’ हा त्या कन्नड नावाचा अर्थ. मूळ उच्चारात पहिला ओकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ आणि अंत्य एकार ऱ्हस्व आहे. मराठी वर्णमाला हा भेद पाळत नाही. युनिकोडच्या देवनागरी विभागात मात्र या ऱ्हस्व स्वरांसाठी स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘हॊसकोटॆ’ असे काटेकोर लिप्यंतर शक्य होते. परंतु वापरलेल्या टंकात ती चिन्हे नसल्यास शब्द दोन वळणांत विभागला जातो किंवा रिकामी चौकट उमटते. अक्षराचा संकेत आणि अक्षराची आकृती या दोन भिन्न गोष्टी होत, हे येथे प्रत्ययास येते.

संकेतस्थळावरील संहितेचे म्हणूनच तीन स्तर मानावे लागतात : संकेत, टंक आणि शैलीपत्रक. शैलीपत्रकांची पहिली प्रमाण आवृत्ती (सीएसएस) 1996 साली आली. युनिकोड रुळण्यापूर्वी मात्र मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या चढवून दाखविला जाई. टंक बदलताच तो निरर्थक होई. कवी व अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखिलेल्या ‘मंगल’ या टंकामुळे विंडोज प्रणालीत युनिकोड देवनागरी घरोघर पोहोचली.

मराठीची खरी कसोटी अर्थभेदक रूपांत लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. दोहोंतील रकाराचे संकेत वेगळे आहेत. ते एकच मानल्यास शोध चुकतो आणि अर्थही. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. ज्या टंकांत दोन्ही वळणे अंतर्भूत असतात, त्यांतून योग्य वळण निवडले जाण्यासाठी पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी लागते.

रोमन मुद्रणाचे संकेतही जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर रोमनच्या मापाने ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. तिरप्या अक्षराची स्वतंत्र परंपरा देवनागरीत नाही; ब्राउझर केवळ आकृती कलती करतो. अवतरण वा ग्रंथनाम दर्शविण्यास अवतरणचिन्हे अथवा ठळक टंक अधिक उचित.

कन्नड व मराठी संहिता समोरासमोर मांडणाऱ्या तौलनिक अभ्यासकाला हे काम तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होता येणार नाही. पाठनिश्चिती आता टंकनिवडीपाशीच सुरू होते.