निराळा कप

सामना रंगात आला की हातातली पोळी तव्यावर टाकून आपणही बाहेर डोकावतो आणि "स्कोअर काय झाला?" विचारतो. पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून खेळला, तेव्हापासून तर माहीम-केळव्याकडच्या आयांना क्रिकेटचं कौतुक जरा जास्तच! पण बहिणींनो, बाळू पालवणकर हे नाव मुलांना विचारून बघा. क्वचितच कुणाला माहीत असेल.

बाळू चर्मकार समाजातले. जन्म धारवाडचा, वाढले पुण्यात. १८९२ च्या सुमारास तिथल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर कामाला लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली.

साहेबांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतलं. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या सुट्टीत मात्र इतरांना आत कपबशी आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा! जेवणाचं ताटही वेगळं. पुढे त्यांची कामगिरी पाहून संघातले खेळाडू त्यांच्या पंगतीला बसू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठासाठी धावणाऱ्या कृष्णवर्णीय जेसी ओवेन्सला विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा नव्हती. त्यानेच १९३६ साली बर्लिनला देशासाठी चार सुवर्णपदकं जिंकली.

बाळू १९५५ साली वारले. पण ते निराळं भांडं गेलं का हो? कामाला येणाऱ्या बाईंचा कान तुटलेला कप आपल्या खिडकीत पालथा असेल, तर तो आजच काढून टाका. त्यांना आपल्याच कपात चहा द्या, बसायला सांगा. मुलं बघत असतात. चेंडू वळवायला शिकवणारे गुरुजी भेटतील. हे मात्र घरातच शिकवायला हवं.