मागच्या सीटजवळची जाळी

श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरी करत मी 2010ची सेकंडहँड प्रियस सांभाळतो. मे महिन्यात इशाऱ्याचा दिवा लागला. एका गॅरेजने थेट नवी हायब्रिड बॅटरी सांगितली. मन मानेना. मागच्या सीटच्या कडेची जाळी काढली, तर बॅटरीच्या पंख्याच्या पात्यांवर धुळीचं, केसांचं जाड अस्तर! गाडीतली गार हवा याच वाटेने बॅटरीला मिळते. मऊ ब्रशने पंखा साफ केला, स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही. बॅटरीत 28 मॉड्यूल, मिळून 201.6 व्होल्ट. एखादंच बिघडलं तर तेवढंच बदलता येतं, पण जुन्यांशी त्याची क्षमता जुळायला हवी. बॅटरीच्या उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना मात्र घरी हात लावूच नका. गाडी बंद केल्यावरही काही मिनिटं त्यांत जीवघेणा विद्युतदाब राहतो.