शकुंतलेचा रूळ आणि मुक्त अवकाश

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अडीच फूट रुंदीचा रेल्वेमार्ग साऱ्या वऱ्हाडाला 'शकुंतला' या नावाने ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने तो घातला तो इथला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी. लांबी सुमारे 113 किलोमीटर. गाडी आता बंद आहे. मला लिहायचे आहे ते गणितातल्या मुक्त टोपॉलॉजिकल सदिश अवकाशांबद्दल. पण ते समजायला या रुळाइतके चांगले साधन मला दुसरे दिसत नाही.

समजा, दारव्ह्याला रुईच्या 3 गाठी चढल्या आणि कारंज्याला 2 उतरल्या. ही नोंद '3 दारव्हा उणे 2 कारंजा' अशी लिहू. अशा दोन नोंदींची बेरीज होते, नोंदीला कोणत्याही संख्येने गुणता येते. म्हणजे सर्व नोंदींचा मिळून सदिश अवकाश झाला. तो 'मुक्त' अशासाठी, की ठिकाणा-ठिकाणांत बेरजेचे कुठलेही नाते आपण लादलेले नाही. रूळ सोडून यवतमाळ जिल्ह्याचे 16 तालुकेच घेतले तर 16 मितींचा ओळखीचा अवकाश मिळतो आणि विषय तिथेच संपतो. खरी गंमत रुळावरचा प्रत्येक बिंदू ठिकाण मानला की सुरू होते.

कारण मग जवळिकीचा प्रश्न येतो. दारव्ह्याला एक गाठ चढवून इंचभर पुढे उतरवली, तर ती नोंद शून्याच्या जवळ असायला हवी. बेरीज आणि गुणाकार संतत राहतील, रुळावरची जवळीक शाबूत राहील, अशा ज्या ज्या टोपॉलॉजी, म्हणजे जवळिकीच्या व्यवस्था, या अवकाशावर बसतात त्यांतली सर्वांत सूक्ष्म निवडायची. तिचा गुण असा: रुळावरून दुसऱ्या कोणत्याही टोपॉलॉजिकल सदिश अवकाशात जाणारे संतत चित्रण घ्या, ते साऱ्या नोंदींवर एकाच रीतीने, रेषीय आणि संतत राहून विस्तारते. गटांसाठी ही कल्पना रशियन गणिती मार्कोव्ह यांनी 1941 मध्ये मांडली, ग्राएव यांनी 1948 मध्ये पुढे नेली. सदिश अवकाशांसाठी तिचा सविस्तर अभ्यास गॅब्रिएलियन आणि सिडनी मॉरिस यांच्या 2017 च्या निबंधात आहे.

गाठींची ने-आण मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे गाठी गुणिले किलोमीटर. कँटोरोविच यांनी 1942 मध्ये वाहतुकीचा किमान खर्च याच धर्तीवर मोजला. याच कुळातल्या कामासाठी त्यांना 1975 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मग हाच खर्च अंतर म्हणून का वापरू नये? 'न' ही कोणतीही धन पूर्ण संख्या माना. यवतमाळपासून किलोमीटरच्या 1/न² भागावर 'न' गाठी चढवा आणि यवतमाळला उतरवा. खर्च 1/न, म्हणजे न वाढेल तसा शून्याकडे जाणारा. आता दर गाठीला, यवतमाळपासूनच्या अंतराचे वर्गमूळ एवढा दर लावा. हे दरपत्रक संतत आहे. तरीही या नोंदीची किंमत न गुणिले 1/न, म्हणजे कायम 1 येते. मुक्त टोपॉलॉजीला प्रत्येक संतत दरपत्रकाचा मान राखावा लागतो, म्हणून तिच्या लेखी या नोंदी शून्याकडे जातच नाहीत. हे एक उदाहरण नीट पचले की अर्धा विषय हाती आला, असे मी म्हणेन.

प्रत्येक दरपत्रकाचा मान राखण्याच्या या औदार्याची किंमत मोठी आहे. मूळ अवकाशात बिंदू अनंत असले, की मुक्त अवकाशाची टोपॉलॉजी कोणत्याही अंतरावरून मिळत नाही. तो लोकली कॉन्व्हेक्सही सहसा नसतो: प्रत्येक नोंद शून्याजवळ, पण अनेकांची सरासरी मात्र तशी राहीलच याची हमी नाही. ही हमी रुळासारख्या अवकाशांत मिळते ती फक्त बिंदू सुटे आणि गणनीय असतील तेव्हा. बॅरल्ड म्हणतात तो आणखी एक गुण तर मूळ अवकाश डिस्क्रीट, म्हणजे सुट्या बिंदूंचा, असेल तेव्हाच. तरी रुळाचे नशीब बरे. जास्तीत जास्त न ठिकाणे आणि प्रत्येकी न पर्यंत गाठी, अशा नोंदींचा संच कॉम्पॅक्ट असतो. हे वाढते कॉम्पॅक्ट संच साऱ्या अवकाशाची टोपॉलॉजी ठरवतात.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो लायडरमन आणि मॉरिस यांचा निष्कर्ष: रेषाखंडाच्या मुक्त अवकाशात चौरसाचा, घनाचा, कितीही सांत मितींच्या घनाचा मुक्त अवकाश जसाच्या तसा सापडतो. जिल्ह्याचा चौकोनी नकाशा घ्या, त्यावरच्या गावोगावच्या नोंदींचा अवकाश एका रुळाच्या नोंदींत मावतो! लोकली कॉन्व्हेक्स अवकाशांसाठी या दोघांनी पेस्टोव्ह यांच्यासह हे 1997 मध्ये दाखवले होते, कोल्मोगोरोव्ह यांच्या 1957 च्या प्रमेयाच्या आधारे. अनेक चलांचे संतत फलन एका चलाच्या फलनांतून आणि बेरजेतून बांधता येते, असे ते प्रमेय सांगते.

वरची संतत दरपत्रके म्हणजे फलनेच, आणि फलनांच्या अवकाशाचा विचार मराठी मुलखाला नवा नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, 1943 मध्ये, फलन-अवकाशातील सांख्यिकीवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कारहुनेन आणि लोएव यांच्या नावाने जगभर शिकवला जाणारा विस्तार त्यात आधीच आहे. इतिहासकार कोसंबी आपण वाचतो. गणिती कोसंबी फारसे वाचत नाही, ही मोठी उणीव आहे. पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या बा. वि. लिमये यांचे फंक्शनल अॅनॅलिसिसवरचे आणि क. द. जोशी यांचे टोपॉलॉजीवरचे पाठ्यपुस्तक, या दोन्हींतून या विषयाची पूर्वतयारी होते.

या अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत एम.एस्सी.ला गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: टोपॉलॉजीच्या तासांतला एक तास वर्गमुळाच्या त्या उदाहरणाला द्या, आणि त्या नोंदी शून्याकडे का जात नाहीत याची सिद्धता विद्यार्थ्यांना फळ्यावर करू द्या.