कृष्णविवरांची जोडी आणि आळीतले दूधवाले

मैत्रिणींनो, पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव आलं की आपल्याला आधी चहा आठवतो. पण तिथून जवळच, खोडदला, जाळीच्या प्रचंड तबकड्या आहेत. आसपासच्या गावांतल्या धरून ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ही जीएमआरटी दुर्बीण. "बाई, तिथं काय ऐकतात?" असं वर्गात एकीनं विचारलं नि माझी पंचाईत झाली. (मी बी.ए.वाली!) मग वाचलं, ते सांगते.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक अजस्र कृष्णविवर असतं. आपल्या आकाशगंगेतलंच सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं! दोन दीर्घिका मिसळल्या की त्यांची कृष्णविवरं कालांतराने एकमेकांभोवती फिरू लागतात आणि अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. २०१५ साली अमेरिकेत सापडलेल्या लहरी लहान कृष्णविवरांच्या, क्षणात सरणाऱ्या. या महाकाय जोड्यांची एकेक लाट पुरती जायला मात्र वर्षंच्या वर्षं लागतात. ती मोजायची कशी?

पल्सारवरून. हे मेलेले तारे फिरता फिरता घड्याळासारखे ठोके पाठवतात. (पहिला सापडला १९६७ साली, जोसलिन बेल या विद्यार्थिनीला, १९७४चं नोबेल मिळालं तिच्या सरांना. असो.)

आपला दूधवाला उशिरा आला तर सायकल पंक्चर झाली असेल. पण सगळ्या आळ्यांतले दूधवाले ठरावीक रीतीनं मागेपुढे होऊ लागले, तर रस्त्यातच काहीतरी आहे, हे आपण ओळखतोच ना? तसंच हे. आकाशात शेजारी दिसणाऱ्या पल्सारांचे ठोके जोडीनं चुकतात, काटकोनातल्यांचे उलट. आणि चुकतात किती? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी!

जून २०२३ मध्ये अनेक देशांच्या गटांनी या लहरींचा पुरावा मांडला. अमेरिकेच्या गटाकडे १५ वर्षांच्या नोंदी होत्या. युरोपच्या गटानं खोडदच्याही नोंदी घेतल्या. अजून एकही जोडी वेगळी ओळखू आलेली नाही, नुसता बाजारातल्यासारखा गलका. पण तोही थोडा नाही. अशा जोड्या काही प्रकाशवर्षांवर येऊन अडूनच राहत असतील, अशी शंका होती. गलका त्यांचाच असेल, तर अडलेलं लग्न पुढे सरकतं म्हणायचं!

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, पंधरा वर्षं तेच तेच ठोके मोजून कंटाळले नाहीत?"

उत्तर द्यायच्या आत घंटा झाली.