सावडीचं घर

नवेगाव बांधच्या तलावाच्या पारीवर उभं राहिलं की समोर पाणी आणि भोवती डोंगर. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. आज एका डोंगरमाथ्यावर कोलासूर देव म्हणून त्यांची पूजा होते. बांधणाऱ्याला देव मानणाऱ्या या मुलखाला लोणावळ्याजवळच्या पाटणची हकिगत परकी वाटायची नाही.

पाटण मळवलीजवळ आहे. २००६च्या ऑक्टोबरअखेरीस तिथे जगभरातून सुमारे २,००० स्वयंसेवक जमले आणि आठवडाभर खपून त्यांनी १०० घरं उभारली. बोलावणं ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचं होतं. १९७६ साली मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी ती अमेरिकेत सुरू केली. भारतात ती १९८३मध्ये खम्मम इथे आली.

पाटणला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन आले होते. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे. चित्रीकरणासाठी पुण्यात असलेला अभिनेता ब्रॅड पिट आला, क्रिकेटपटू स्टीव्ह वॉ आला. साहजिकच फोटो त्यांचे छापले गेले. कार्टर कुटुंबाचं महाराष्ट्राशी नातं मात्र जुनं. त्यांच्या आई लिलियन यांनी वयाच्या ६८व्या वर्षी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन रुग्णसेवा केली होती.

खरी गोष्ट भिंतीपाशी आहे. दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा, मसाला पसरून थर चढवायचा. घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि त्या रांगेत घरमालकही असतो. संस्थेची रीतच तशी आहे: ज्याचं घर, त्यानं बांधकामावर घाम गाळायचा, नफा न घेता दिलेलं कर्ज हप्त्यानं फेडायचं, फेडीच्या पैशातून पुढच्या कुणाचं तरी घर उभं राहायचं.

याला दान म्हणू नये. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, सावड. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. सावडीत देणाऱ्याचा हात वर नसतो, घेणाऱ्याची मान खाली नसते. म्हणूनच मला ही रीत कुठल्याही फुकट वाटपापेक्षा मोलाची वाटते. नुसती किल्ली हाती आलेल्या घरापेक्षा स्वतः थर चढवलेल्या घराची ओढ वेगळी असते. त्यातली कुठली भिंत आपण धरली होती, हे माणूस विसरत नाही.

कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभरीत गेले. थापी धरायला मात्र माजी राष्ट्राध्यक्ष लागत नाही. ग्रामीण घरकुलाला सरकारकडून मिळणाऱ्या पैशातले मजुरीतच किती जातात, हे पाया घालून थांबलेल्या कुटुंबाला विचारा. तुमच्या गावात असं एखादं जोतं असेल, तर येत्या रविवारी चार जण घमेली घेऊन तिथे जा.