पदकाच्या कडेवरचा शिपाई

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीपासून सराफा जवळच. लग्नसराईत नवे दागिने घ्यायला येणारी माणसं सोबत जुनी मोडही आणतात: घासून पातळ झालेले तोडे, वाळे, कंबरपट्ट्याचे तुकडे, राजाछाप रुपये. अशा मोडीत कधी रुपयापेक्षा मोठी चकती निघाली, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं मस्तक, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ढाल आणि शेजारी १९१४ व १९१८ ही सालं, तर ते नाणं नसतं. ते पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल असतं. चांदी ९२.५ टंचाची, वजन अडीच तोळ्यांच्या आसपास. घट धरून भाव लावला की व्यवहार संपतो. माझं म्हणणं असं, की या व्यवहारात जे वितळतं ते चांदीपेक्षा मोलाचं आहे. पदकाचे दोन्ही चेहरे लाखो नगांवर सारखेच. बघायची असते ती त्याची कड. तिथे इंग्रजी मोठ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. साध्या शिपायाचं नाव सरकारने धातूवर उमटवून त्याच्या घरी पोचवलं, अशा मोजक्या जागांपैकी ती एक.

हे म्हणणं वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, म्हणून बसऱ्याच्या स्मारकाकडे पाहू. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत या गावी सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती पत्करावी लागली, आणि वाचलेल्यांपैकी कित्येक जण पुढे तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत गेले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी ब्रिटिशांनी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा. नावं कागदोपत्री राहिली, दगडावर आली नाहीत. ज्या आयोगाकडे या स्मारकांची जबाबदारी आहे, त्याने २०२१ मध्ये हा भेदभाव अहवाल काढून कबूल केला. म्हणजे दगडाने ज्याला आकड्यात बसवलं, त्याचं नाव त्याच सरकारने पदकाच्या कडेवर ठसवलं होतं. मेलेल्याच्या घरी काशाची एक मोठी तबकडीही पाठवली जाई. तिच्यावर नाव असे, पण हुद्दा किंवा पलटण नसे. एकाच नावाचे अनेक जण पलटणीत असताना नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही. नंबर लागतो, आणि घरी आलेल्या या दोन वस्तूंत तो फक्त पदकावर.

पदक काय सांगतं ते धातूवरूनही कळतं. लढणाऱ्या शिपायाला हे मेडल चांदीचं मिळे. सोबत गेलेल्या मजूर, हमाल, भिश्ती अशा मंडळींना तेच मेडल काशाचं. चित्र तेच, सालं तीच, कडेवर नावही तसंच. सराफ्यात काशाच्या चकतीला कोण विचारणार? पण अभ्यासाच्या दृष्टीने ती जास्त दुर्मीळ, कारण या बिगरलढाऊ माणसांबद्दल इतर कागद फारच थोडे उरले आहेत. आपल्याकडे पराक्रमाची पदकं लक्षात राहतात. इटलीतल्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं मराठी वाचकाला ऐकून तरी माहीत असतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. नुसतं हजर राहिल्याबद्दल मिळालेल्या पदकाचा धनी मात्र कडेवर वाचला नाही तर कुठेच वाचला जात नाही.

सोव्हिएत रशियाने पदकाच्या धन्याची नोंद दुसऱ्या तऱ्हेने ठेवली. तिथलं पहिलं लष्करी सन्मानचिन्ह, 'ऑर्डर ऑफ द रेड बॅनर', १६ सप्टेंबर १९१८ ला, यादवी युद्ध ऐन भरात असताना सुरू झालं. चिन्हावर नाव नाही. मागच्या बाजूला फक्त क्रमांक. नाव कागदावर: बहालीच्या आदेशात आणि मानकऱ्याजवळच्या पुस्तिकेत. त्यामुळे चिन्ह आणि कागद यांची ताटातूट झाली की चिन्ह मुकं होतं, आणि दोन्ही जुळले की कडेवरच्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त बोलतं. या सन्मानाचा पहिला मानकरी वसिली ब्ल्यूखर. पुढे तो मार्शल झाला, आणि स्टालिनच्या शुद्धीकरणात ऑक्टोबर १९३८ मध्ये अटक होऊन नोव्हेंबरमध्ये कोठडीतच मेला. रेड बॅनरचा आणखी एक मोठा मानकरी, तुखाचेव्स्की, १९३७ मध्येच गोळीला बळी पडला होता. अशांची नावं पुस्तकांतून खोडली गेली, फोटो कापले गेले. पण सुरुवातीच्या वर्षांतले आदेश दप्तरात राहिले. राज्य माणसाला पुसायला निघालं तरी त्याच राज्याची कारकुनी त्याला धरून ठेवते, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. १९९१ नंतर ही दप्तरं हळूहळू खुली झाली आणि २०१० पासून रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने दुसऱ्या महायुद्धातल्या सन्मानांची शिफारसपत्रं इंटरनेटवर ठेवली. कोणत्या दिवशी, कोणत्या टेकडीवर, कुणी काय केलं, हे त्यांत सविस्तर असतं.

या दोन पद्धती हिंदी माणसापाशी एकत्र येतात, आणि ते उदाहरण मराठी वाचकाला जरा फसवतं. १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारने ब्रिटिश हिंदी फौजेतल्या दोघांना 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' दिला. दोघेही रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे, म्हणजे रसद वाहणाऱ्या दलातले. इराणमार्गे रशियाला युद्धसामग्री पोचवण्याच्या कामाबद्दल हा सन्मान होता. एक हवालदार गजेंद्रसिंग चंद, दुसरे सुभेदार नारायणराव निक्कम. आडनाव वाचताच आपण त्यांना सातारा-सांगलीकडे नेऊन बसवतो. पण निक्कम तमिळनाडूचे होते. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी आडनावाची घराणी आहेत, हा त्याचा संभाव्य खुलासा. पण तो खुलासाच, पुरावा नव्हे. नाव दिशा दाखवतं, गाव ठरवत नाही. गाव ठरवायला पलटणीचं दप्तर, पेन्शनचा कागद, किंवा मृतांच्या यादीतली बापाचं नाव व तालुका देणारी ओळ लागते.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: गोऱ्यांच्या चाकरीची ही बक्षिसं, त्यांचं कौतुक कशाला? छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने तर हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण शेजारच्या जालना जिल्ह्यात असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज हरली आणि कंपनीच्या बाजूने लढले ते बहुतांश हिंदी शिपाईच होते. त्या लढाईचंही पदक आहे. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'ला असईच्या नावाची चांदीची पट्टी मिळे. पण हे पदक जाहीर झालं १८५१ मध्ये, आणि ते हयात असलेल्यांनाच. विशीत लढलेला शिपाई तोवर साठी ओलांडून गेलेला. बहुतेक जण कधीच मेलेले. त्यामुळे हिंदी शिपायाच्या नावाचं असईचं पदक अतिशय दुर्मीळ आहे, आणि ती दुर्मिळताच सांगते की कंपनीला त्याची आठवण किती उशिरा झाली. पदक म्हणजे गौरव असं मानलं तर आक्षेप बरोबर आहे. पण मी त्याला हजेरीपट मानतो. हजेरीपट कुणी लिहिला यावरून त्यातली माणसं खोटी ठरत नाहीत. समोरच्या बाजूला, शिंद्यांच्या तोफांपाशी पडलेल्या गोलंदाजांची अशी एकही ओळ नाही, हे दुःख आहेच. पण म्हणून उरलेल्या ओळीही वितळवाव्यात, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. संशोधनामुळे पदकांची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की नकली माल येतो. ज्याची हकिकत सापडली ते पदक महाग, म्हणून कडेवरचं जुनं नाव घासून गाजलेल्या पलटणीतलं नाव ठसवलं जातं. सोव्हिएत चिन्हांवर क्रमांक खोडून नवा घातला जातो. शिवाय नातवंडांकडून मातीमोल भावाने घेतलेली वस्तू परदेशी लिलावात पोचते. हे सगळं खरं आहे. नकलीपुरतं उत्तर बरंचसं मापात आहे: घासलेल्या पदकाचा व्यास किंचित कमी भरतो आणि कड खोलगट लागते, व्हर्नियर कॅलिपरने ते पकडता येतं. बाहेर नेण्याबाबत १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयात आली आहेत. संग्राहकांच्या लोभावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल, की ज्या संग्राहकाने माणूस शोधला त्याने निदान नाव वाचवलं. ज्याने भट्टी लावली त्याने तेही नाही. १९८० मध्ये जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी पदकं मोठ्या प्रमाणात वितळवली गेली. त्यांच्या कडेवर कोण होतं, हे आता विचारायची सोय नाही.

म्हणून घरात असं काही असेल आणि गरजेपोटी मोडायचंच असेल, तरी आधी थोडं काम करता येईल. पदक पॉलिश करू नये. घासण्याने आधीच उथळ असलेली अक्षरं जातात. तिरप्या उजेडात कड गोल फिरवत सगळी अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे उतरवावेत. नावाचं स्पेलिंग आपल्या मनाने दुरुस्त करू नये, कारण कारकुनाने केलेली चूकच पुढे यादीत शोधताना उपयोगी पडते. दोन-तीन पदकं एकत्र असतील तर त्यांची ताटातूट करू नये, आणि फीत फाटकी असली तरी फेकू नये. मोबाइलवर चार फोटो काढून ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवावेत आणि हे नाव कुणाचं ते विचारावं.