गाविलगड पाहायला जायचं ना?

मैत्रिणींनो, आपण नेरच्या बायका गावाबाहेर पडतो कधी? लग्न, बारसं, तेरवी, नाहीतर शेगाव-माहूरचं दर्शन. नुसता डोंगर बघायला जायचं म्हटलं की घरात प्रश्न येतो, "काही काम आहे का तिकडे?" माझ्या सासूबाईंची सत्तरी आली, पण चिखलदरा आपला "जाऊ कधीतरी" मध्येच. शेवटी गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी जावा, नणंद आणि सासूबाई, अशा चौघीजणी गाडी ठरवून निघालो.

नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत अमरावती साधारण ६० कि.मी. तिथून परतवाडा ५० कि.मी.च्या आसपास. परतवाडा सोडलं की कपाशीची सपाट वावरं मागे पडतात आणि समोर सातपुड्याची भिंत उभी राहते. मग तीसेक कि.मी.चा घाट. एका वळणावर ऊन, पुढच्या वळणावर धुकं, बाजूला सागाचं जंगल आणि खाली खोल दरी. वर पोचलो तेव्हा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर होतो. श्रावणातसुद्धा शाल लागली!

भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, अशी कथा आहे. कीचकदरा म्हणून चिखलदरा. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, शक्कर तलाव बघाच. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. गवळ्यांच्या घरचा खवाही चाखून बघा.

पण मला सांगायचंय ते गाविलगडाबद्दल. किल्ला गावाच्या जवळच आहे. मुळात गवळ्यांची गढी, म्हणून हे नाव. पुढे बहामनी आणि इमादशाही राजवटीत तो दगडी झाला. दरवाज्यांवर कोरलेले शार्दूल आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड आजही दिसतात. आत मोठी मशीद आहे, तोफा आहेत. सासूबाई मात्र हे सगळं सोडून एकच विचारत होत्या, "येवढ्या उंचावर बाया पानी कुठून भरत असतीन वं?" मग आम्ही त्यांना किल्ल्यातले तलाव दाखवले. पुस्तकात लढाया असतात, पण पाण्याचा प्रश्न बाईलाच सुचतो, नाही का?

१५ डिसेंबर १८०३ ला हा किल्ला इंग्रजांनी जिंकला. त्यांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. किल्ला नागपूरच्या भोसल्यांचा होता. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, निजामाला मिळाला. आपलं नेरही त्याच वऱ्हाडात. म्हणजे त्या डोंगरावर जे घडलं त्याने आपल्या गावचा धनी बदलला!

इंग्रजांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. घरच्या बायका-मुली शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किल्ल्यावरच्या राजपुतांनी त्यांना मारून टाकायचं ठरवलं होतं. काहीजणी मेल्या, काही जखमी अवस्थेत सापडल्या आणि वाचल्या. हे ऐकून सासूबाई तटाच्या दगडावर बसल्या. म्हणाल्या, "अन् त्याईचे नावं काय होते?" आम्ही काय सांगणार? सेनापतीचं नाव आहे, किल्लेदाराचं आहे. त्या बायकांना मरायचं होतं की जगायचं होतं, हे त्यांना कोणी विचारलंही नसेल. आम्ही चौघी तिथे बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता थोडं कामाचं. गाडी ठरवायची नसेल तर एस.टी.ने अमरावती, परतवाडा असं टप्प्याटप्प्याने जाता येतं. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, त्यामुळे आधारकार्ड पर्समध्ये ठेवा. स्वतः गाडी चालवत असाल तर उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, खालच्या गिअरमध्येच ठेवा. धुक्यात ओव्हरटेक नकोच. आजूबाजूला मेळघाटचं वाघाचं जंगल आहे, तेव्हा अंधारापूर्वी घाट उतरा. किल्ल्यावर चपला नको, बूट घाला. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं. पाण्याची बाटली न्या आणि रिकामी झाली की परत आणा. वाटेत कोरकू बायका भेटतील. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, "काय होतं एवढं तिथं?" त्या म्हणाल्या, "तू जाऊन पाह्य, मंग सांगतो." आता त्या दोघी मिळून डिसेंबरची तारीख ठरवताहेत. तुमची तारीख कोणती?